दोष पंपाचा होता

बाबा,

मी गाडीचा नवा फ्यूएल पंप आणायला सियागंजच्या बाजारात जातेय. पंप मागच्या सीटखाली असतो, म्हणून ती काढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणून जवळपास माचिस पेटवू नका.

चावी फिरवली तरी पंपाची घरघर येत नाही. फ्यूज, रिले ठीक आहेत, पंपापर्यंत करंटही पोचतोय. म्हणजे पंपच गेलाय. परवा आईला दवाखान्यात नेताना पुलावर गाडी बंद पडली, ती त्यामुळेच. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, “जिजाजी, गाड़ी अब आपके बस की नहीं,” आणि तुम्ही चावी माझ्याकडे दिलीत. तुमचं काहीही चुकलं नव्हतं.

तुम्ही म्हणताय तशी गाडी विकायची नाही. पंप मी दुपारी बसवते. संध्याकाळी आईला दवाखान्यातून आणायला तुम्हीच चालवायचं, मी मागे तिच्याजवळ बसेन.

संहिता