बाबांसाठी पिंपळपान

प्रिय आई,

तुला आणि बाबांना सूझौहून जयभीम.

मी मजेत आहे. आपल्या चिनहटच्या कारखान्याने जे शिकायला पाठवलं ते मशीन आता येतं मला. पुढच्या महिन्यात निघतो. इथलं चिनी जेवण अळणी आहे, पण पोट ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

काल भेटवस्तू घ्यायला जुन्या बाजारात गेलो. दुकानदार आजींनी बाबांसाठी एक ढेरपोट्या, हसरा पुतळा काढला आणि मोबाइलवर भाषांतर दाखवलं, ‘बुद्ध’. माझं डोकंच फिरलं. “अम्मा, ये बुद्ध नहीं हैं!” मी ओरडलो, अगदी बाबांसारखा. बिचारीने मला आधी चहा पाजला, मग सुकवलेल्या पिंपळपानावर रंगवलेले तथागत दाखवले. डोळे मिटलेले, शांत. तेच घेतलं. बाबांच्या ग्रंथात खुणेला राहील.

तुला रेशमी रुमाल घेतलाय. एक हातपंखाही घेतलाय, कुणासाठी ते विचारू नकोस. शेजारच्या देविकाचं लग्न खरंच ठरलं का गं?

मी कॉलेज सोडल्यापासून माझा फोन आला की बाबा उठून जातात, म्हणून हे पत्र. त्यांना मोठ्याने वाचून दाखव, देविकाची ओळ तेवढी गाळ. ऐकून ते नुसतं ‘हं’ म्हणाले तरी मला कळव. मग अमौसी विमानतळावर उतरून खोलीवर न जाता थेट घरीच येईन.

तुमचाच,
राजरत्न