पाचव्या भागात माणूस नाही

३ मार्च, सोमवार
नवी नोकरी, नवं गोदाम. उंच, स्वच्छ, भरपूर उजेडाचं, बघताच आवडलं. एकच गोष्ट खटकली. इथे एका ऑर्डरमागे एक माणूस अख्खं गोदाम तुडवतो. साबण या टोकाला, टॉवेल त्या टोकाला. सगळ्यांत जुने कामगार, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, त्यांच्या पायांचे तर तुकडे पडतात. मी सुचवलं, गोदामाचे पाच भाग करू. प्रत्येक भागात एक माणूस उभा राहील, क्रेट रोलरवरून पुढे सरकेल, ज्याने त्याने आपली वस्तू टाकायची. साहेब लगेच हो म्हणाले. घरी बाबांना सगळं रंगवून सांगितलं.

७ मार्च, शुक्रवार
पाचव्या भागाला माणूसच देत नाहीत. साहेबांना रोज सांगते. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणतात, क्रेट भरून येताहेत ना, मग माणूस कशाला? खरंच येताहेत. मला वाटलं, मामाच भरत असतील. ते म्हणाले, मी तिकडे पाऊलही टाकलेलं नाही.

११ मार्च, मंगळवार
वैताग आलाय नुसता. पाचव्या भागातला माल संपलाय, फळ्या मोकळ्या, मी स्वतः पाहिल्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरी क्रेट भरलेले. पॅकिंगच्या ताई म्हणतात, साबण ओले येतात, टूथपेस्ट मधूनच पिळलेली असते. बोलणी मात्र मी खायची.

१३ मार्च, गुरुवार
क्रेटमध्ये आज चष्मा आला. काडीला पांढरी चिकटपट्टी. ती मीच लावली होती. बाबांना फोन केला. म्हणाले, पेपर वाचत होतो, कुणीतरी नाकावरून काढून घेतला. घरात ते एकटेच.
साहेबांच्या हातापाया पडले, हा भाग बंद करा म्हणून.
"बाई, तुमच्या पद्धतीत हा एकच भाग कधी चुकत नाही. त्याला हात लावायचा नाही."

१४ मार्च, शुक्रवार
लावला हात. संगणकातून भाग काढला, मामांनी तिथल्या रोलरची वायर तोडली. आता तिकडून काही येणार—

आला. रोलर बंद, तरी क्रेट आला. वर लिहिलंय, हातमोजे.

बाबा सकाळपासून कुंड्यांत माती भरताहेत, हातमोजे घालून— फोन लावलाय, नुसता वाजतोय, उचलत नाहीत—

ताई झाकण उघडून मागे सरकल्या. हातमोजे मातीने माखलेत. जड आहेत. आतली बोटं अजून—