बाबांच्या नावासमोरची तारीख

प्रिय दादा,

तू पाठवलेला सूचनांचा कागद अजून कॉम्प्युटरशेजारच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. आधी गिट बसव, म्हणजे कुणी केव्हा काय पाठवलं याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, त्याला नाव आणि ईमेल सांग, मग पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ल्यांची जोडी तयार कर; एक किल्ली याच कॉम्प्युटरवर राहील, ती कुणाला द्यायची नाही, दुसरी सर्व्हरवर चिकटवायची. मी प्रत्येक ओळ तीनदा वाचून टाइप केली होती. भलतीच किल्ली तर पाठवली नाही ना, म्हणून तुला दोनदा फोनही केला. तू हसला होतास.

हे सगळं केलं ते बाबांना पासवर्डचा कंटाळा होता म्हणून. 'हे मशीन दरवेळी मले इचारते, तू कोन. सकाळीच तर सांगतलं न बाप्पा,' असं ते म्हणायचे. किल्ल्या बसल्या आणि ते विचारणं थांबलं. तेलंगणातल्या या नेरडीगोंड्यात आता मराठीतून गणित शिकणार कोण, असं तू गेल्या वर्षी त्यांना म्हणालास, तेव्हापासून ते तुझ्याशी बोलले नाहीत. पण ते लिहीत असलेलं गणिताचं पुस्तक तू छपाईसाठी जुळवून देतो म्हणालास, तेव्हा नाहीही म्हणाले नाहीत. ते इथून गणितं पाठवायचे, तू हैदराबादेत बसून दुरुस्त्या करायचास. तुमच्या दोघांत तेवढंच बोलणं उरलं होतं. 'उदाहरण बारामधली बस उशिरा आणा, आपल्याकडची वेळेवर येत नाही,' असं तू दुरुस्तीच्या नोंदीत लिहिलंस. ते वाचून बाबा आईला म्हणाले, 'पोट्टं अजून इथलंच हाय.'

गिटनं नाव विचारलं तेव्हा मी बाबांचं घातलं. पाचवीपर्यंत आपण घरीच शिकलो, बाबांसमोर बसून. तिथला नियम तुला आठवत असेल, ज्याची वही त्याचंच नाव, लिहिणारं कुणी का असेना. तू माझ्या वहीत चुकीचा भागाकार करून ठेवलास तेव्हा छडी मीच खाल्ली. कॉम्प्युटर बाबांचा, म्हणून नाव हणमंतराव. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आदिलाबादच्या दवाखान्यात नऊ दिवस होतो. आई म्हणाली, 'त्याले आत्ताच काऊन सांगतं? नवी नोकरी हाय त्याची. जरा बरे होऊ दे, मंग सांगू.' मी ऐकलं. घरी आणल्यावर बाबांनी डाव्या हातानं वहीकडे बोट केलं. लिहून झालेली, पण टाइप करायची राहिलेली बरीच गणितं तिच्यात होती. मी रोज संध्याकाळी दोन टाइप करून पाठवायला लागले. एकही शब्द माझा नाही. खुर्चीत कोण बसलंय ते मशीन विचारत नव्हतं.

जानेवारीत तू मला लिहिलंस, की जेवायला बसलो की बाबांच्या नावासमोर आजची तारीख बघतो, ती दिसली की घास उतरतो. पुढे लिहिलं होतंस, संक्रांतीला येणार होतो, पण त्यांचं काम नीट चाललंय, मी समोर आलो तर राग पुन्हा वर येईल, उन्हाळ्यात बघू. ते वाचून मी मोबाइल पालथा ठेवला आणि वांगी चिरली. रडू यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन गणितं पाठवली. थांबले असते तर तुला कळलं असतं, म्हणून थांबले नाही. त्या तारखेवरून तू बाबांना बरं समजतोस हे सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नव्हतं दादा, पण त्यानंतरचे दोन महिने मी हे जाणूनबुजून केलं.

काल वही संपली. शेवटचं गणित अर्धं आहे. बाजारहत्नूरहून एक बैलगाडी सकाळी सात वाजता निघते, पुढे पान कोरं. उरलेलं मला बनवता येईल, पण ते बाबांच्या नावावर घालणार नाही. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो. बाबा अजून माणसं ओळखतात. तुझा फोटो समोर धरला तर त्यांनी तो डाव्या हातात घेतला आणि मला परत दिला नाही. फोनवर तू विचारशील तेव्हा माझ्या तोंडून पुन्हा आईचंच 'बरे आहेत' निघेल, म्हणून हे लिहून पुस्तकाच्या फोल्डरमध्येच ठेवते आहे. तिथं तू रोज बघतोस. पाठवण्याआधी गिटमधलं नाव बदललं आहे. जेवायला बसशील तेव्हा आजच्या तारखेसमोर पूर्णिमा दिसेल. तसंच ताट टाकून उठू नकोस. पोटभर जेव, आणि मिळेल त्या बसनं नीघ.

तुझीच धाकटी,
पूर्णिमा