बाईंच्या कार्पेटवरचा डाग

सोमवार, ६ नोव्हेंबर
उद्या बॅराक्लफबाईंकडे. पुढच्या खोलीत भिंतीवरचा, घर गरम ठेवणारा पाण्याचा रेडिएटर गळतोय, बदलायचा. बाई आठवडाभर ब्रिडलिंग्टनला बहिणीकडे. मला तिसरीत शिकवायला होत्या. आता ब्याऐंशीच्या आहेत, मी एकोणसाठचा, तरी त्यांच्या दारात उभं राहिलं की हात आपोआप खिशातून बाहेर येतात. जाताना म्हणाल्या, "विल्फ्रेड, कार्पेट जप हो." बिस्किटाच्या रंगाचं, लोकरीचं आहे. हसू आलं. प्लंबिंगच्या चौतीस वर्षांच्या धंद्यात कुणाच्या घरात थेंब सांडलेला नाही. (ग्रीनवुडच्या जिन्यात सांडलं ते मोजत नाही. तिथलं कार्पेट मुळातच तपकिरी होतं.)

मंगळवार, ७ नोव्हेंबर
सकाळी ९. सुरुवात. खाली अंथरायची जाड चादर गाडीत राहिली. गाडी उताराच्या तळाशी, बाहेर पाऊस. दहा मिनिटांचं काम, चादर कशाला?
९:४०. चादर हवी होती.
नीट लिहून ठेवतो, म्हणजे चूक कुणाची ते स्पष्ट राहील. दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. खाली पसरट टब ठेवला. पाणी काढलं. इथपर्यंत कुणीही बोट दाखवू शकत नाही. मग रेडिएटर भिंतीवरून उतरवला आणि तोंडांना बूच न मारताच दाराकडे निघालो. खोलीच्या मधोमध बायकोचा फोन आला. ग्लेनिस. घरी येताना मटार आणशील का, विचारत होती. फोन काढायला रेडिएटर जरा कलता केला. म्हणजे चूक ग्लेनिसची.
वीस वर्षं त्याच नळ्यांतून फिरलेलं पाणी. शाईसारखं काळं, खाली गंजाचा गाळ. बशीएवढा डाग.
१०:१५. घासला. ताटाएवढा झाला. असा डाग घासायचा नसतो, नुसता टिपून घ्यायचा असतो. मीच गिऱ्हाइकांना सांगत असतो.
१२. गरम पाणी ओतून बघितलं. परातीएवढा.
मटार विसरलो.

बुधवार, ८ नोव्हेंबर
मेव्हण्याकडून पाणी ओढून घेणारं मशिन आणलं. तीन बादल्या काळं पाणी निघालं. दुपारी डाग जवळजवळ दिसेना. खूश. पूर्वी बाईंनी शाबासकी दिल्यावर व्हायचो तसा.
जेवून परत गेलो. कार्पेट वाळत आलं होतं आणि तळातला काळा वर चढत होता. हळूहळू, पण न थांबता.

गुरुवार, ९ नोव्हेंबर
मीठ. नाही. खायचा सोडा. नाही. लिंबू. वास छान आला.
शेवटी ब्लीच. आता मधे पिवळा, कडेला करडा. तव्यावर फोडलेल्या अंड्यासारखा दिसतो.
ठरलं. बाई आल्या की पहिलं वाक्य हेच: "बाई, माझ्या हातून चूक झाली." आरशासमोर चार वेळा म्हटलं. चांगलं जमतंय.

शुक्रवार, १० नोव्हेंबर
खिडकीजवळची आरामखुर्ची उचलून डागावर ठेवली. लपवायला नव्हे. प्रवासातून थकून आलेल्या बाईला दारातच धक्का नको, वयाचा विचार करावा लागतो. खुर्चीच्या जुन्या जागी चार खळगे पडले होते. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, दबलेली लोकर वर आली. फार सफाईचं काम झालं. या कामाचं कौतुक कुणाला सांगता येत नाही एवढंच.

शनिवार, ११ नोव्हेंबर
बाई आल्या. नवा रेडिएटर दाखवला. चहा केला त्यांनी, आल्याचा केक कापला. "माझ्या हातून" एवढं तोंडात आलं होतं, तेवढ्यात त्या खोलीच्या मधे थबकल्या. म्हणाल्या, "विल्फ्रेड, ही खुर्ची इथेच होती का रे?"
मी म्हणालो, "इथेच की, बाई."
त्यांनी खिडकीकडे बघितलं. मग खुर्चीकडे. म्हणाल्या, "हो का? मला आपलं वाटलं…" आणि वाक्य सोडून दिलं. बाईंनी वाक्य अर्धं सोडलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.
केकचा दुसरा तुकडा घेतला नाही. शिक्षा म्हणून.

सोमवार, १३ नोव्हेंबर
बाईंच्या मुलीचा, रोझलिंडचा, लीड्सहून फोन. काल आली होती, झाडताना खुर्ची सरकवली, खाली हा डाग. म्हणाली, "आईनं काहीतरी सांडलं, ब्लीच ओतलं आणि वर खुर्ची ओढली. आता तिला त्यातलं काहीच आठवत नाही! ती स्वतःच म्हणते, माझंच काम असणार, दुसरं कोण आहे घरात? विल्फ, शनिवारी तू तिला भेटलास ना? तिच्यात तुला काही वेगळं जाणवलं का?"
मी "हं" म्हणालो.
"हं" म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

मंगळवार, १४ नोव्हेंबर
जेवण जात नाही. ग्लेनिसला सगळं सांगितलं. (मटारचा फोन गाळून.) तिनं भांडी घासणं थांबवलं. म्हणाली, "एवढ्या म्हाताऱ्या बाईला वेड्यात काढलंस? एका कार्पेटपायी? ऊठ आणि जा."
उद्या नक्की. आज पाठ दुखतेय.

बुधवार, १५ नोव्हेंबर
गेलो. बाई स्वयंपाकघरात बसून आमच्या तिसरीचा पट म्हणत होत्या. स्मरणशक्ती तपासत होत्या म्हणे. एकतीस नावं धडाधड म्हटली, अगदी बाकांच्या क्रमानं. बत्तिसावं येईना. बोटं टेबलावर आपटत राहिल्या. म्हणाल्या, "कोण रे? खिडकीशी बसायचा. बत्तीस होतात ना तुम्ही?"
डोळ्यांत पाणी आलेलं बघवेना. म्हणालो, "नाही बाई, एकतीसच होतो आम्ही."
किती सुटल्यासारखा झाला त्यांचा चेहरा! आजचा दिवस सत्कारणी लागला. कबुली शुक्रवारी.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर
बाईंनी माळ्यावरून वर्गाचा जुना फोटो काढला. मोजला. बत्तीस.
मी रेडिएटर बघायला म्हणून गेलो, तर घरभर चिठ्ठ्या. कपाटावर 'कप'. डब्यावर 'चहा'. बाईंचं तेच वळणदार अक्षर, फळ्यावरचं. आरामखुर्चीच्या पाठीवर एक चिठ्ठी टाचणीनं लावली होती: 'ही इथेच असते.'
मंगळवारी दवाखान्यात स्मरणशक्तीची तपासणी आहे. रोझलिंडनं वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून ठेवलाय. बाई म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे रे. आज कार्पेट, उद्या गॅस चालू ठेवीन." आणि मलाच विचारलं, तिथे खोलीत स्वतःची पुस्तकं ठेवू देतात का?
गाडीत येऊन बसलो. किल्ली फिरवता येईना बराच वेळ.

रविवार, १९ नोव्हेंबर
सांगितलं.
भाषण तयार केलं होतं. त्यात जुने व्हॉल्व्ह, हलक्या प्रतीचं लोखंड, फोनची वेळ, सगळं होतं. दारात बाई दिसल्या आणि एवढंच निघालं: "डाग माझा. खुर्ची मी हलवली. वर्गात बत्तीस होतो. बत्तिसावा डंकन."
बाई म्हणाल्या, "आत ये." मी बसायला लागलो तर म्हणाल्या, "बसू नकोस. उभा राहून पुन्हा सांग. पहिल्यापासून."
उभा राहून सांगितलं. चादरीसकट. मधे एकदा म्हणाल्या, "मोठ्यानं." मग रोझलिंडला फोन लावायला लावला आणि तिलाही मीच सांगायचं. ती जे बोलली ते लिहीत नाही.
फोन ठेवल्यावर बाईंनी खुर्चीवरची चिठ्ठी काढली. मी म्हणालो, नवं कार्पेट घालून देतो.
"कार्पेट गेलं खड्ड्यात!" त्या म्हणाल्या. "आठ दिवस, विल्फ्रेड. आठ दिवस मी रोज उठल्या उठल्या स्वतःचं नाव म्हणून बघत होते. येतंय का ते."
यावर भाषणात काहीच नव्हतं.
मग त्या खाली बसल्या. रडतात की हसतात ते कळेना, बहुधा दोन्ही. म्हणाल्या, "मला तुझा भयंकर राग आलाय. आणि तो उद्याही माझ्या चांगला लक्षात राहील. किती बरं वाटतंय म्हणून सांगू!"
चहा दिला नाही. पण दार आपटलंही नाही. एकूण चांगलं पार पडलं. मला वाटतं, माफ केलं त्यांनी.

सोमवार, २० नोव्हेंबर
सकाळी ७:५०. बाईंचा फोन. म्हणाल्या, "लक्षात आहे." ठेवला.

मंगळवार, २१ नोव्हेंबर
७:५०. तेच. मी तोंड उघडायच्या आत.