आबांचं कॅलेंडर

आबा, आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुन्हा तुमच्या बावखलाचा, आपल्या त्या तळ्याचा विषय निघाला. बावखल हे नाव कोणी घेतलं नाही, त्यांना ते माहीतही नाही. ते त्याला ‘पार्किंगमधलं पाणी’ म्हणतात. दर पावसाळ्यात स्कूटरींची अर्धी चाकं बुडतात, मुलं घसरतात, डास होतात. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुम्ही इतकी वर्षं बिल्डरकडे काढलीत. तुम्ही मनावर घेतलं तर आठवड्याचं काम आहे.” मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. पण घरी आल्यापासून तुम्ही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा कधी पत्र लिहिलं नाही. एका छताखाली राहणाऱ्या माणसाला पत्र कोण लिहितं?

माझी ऑफिसातली खोली तुम्ही एकदाच पाहिलीत. विरारला, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. बिल्डर शेठच्या केबिनला खिडकी होती, माझ्या खोलीला नव्हती, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. माणसाला काय चालतं याची चौकशी कोणी केली नव्हती. सिव्हिलचा डिप्लोमा झाला तेव्हा मला साइटवर उभं राहायचं होतं. स्लॅब टाकताना तिथे हजर असायचं होतं, मिस्त्रींशी भांडायचं होतं. पण त्याच सुमारास बँकेने शेठकडे कामाचं रीतसर वेळापत्रक मागितलं, शेठने त्यासाठीचं सॉफ्टवेअर आणलं, आणि ते शिकून घेण्याची अवदसा मला आठवली. सबंध ऑफिसात ते मला एकटीला येत होतं. झालं, त्या खुर्चीला मी चिकटले ती चिकटलेच. साइटवर जाते म्हटलं की शेठ म्हणायचे, “तू गेलीस तर कॉम्प्युटर कोण चालवणार?”

काम तसं सरळ होतं. बिल्डिंगचे तुकडे करायचे: भराव, पाया, कॉलम, स्लॅब, विटा, प्लास्टर, लाद्या, रंग. प्रत्येकाला किती दिवस लागतील ते लिहायचं, आणि कोणतं काम कशाच्या आधी होऊच शकत नाही ते एकमेकांना बांधून टाकायचं. मग एक बटण दाबलं की पडद्यावर पट्ट्याच पट्ट्या. ज्या कामाला थोडी सवड आहे त्याची पट्टी निळी, आणि जे एक दिवस लांबलं तर सगळी बिल्डिंग लांबेल त्याची लाल. माझ्या वाट्याला आलेली पहिलीच बिल्डिंग आपल्या वाडीवरची होती, आबा. भुईगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची, केळीची, तुमच्या आजोबांपासूनची. तुमचे गुडघे गेले होते, वाडीत राबायला माणसं मिळत नव्हती, आणि तुम्ही शेठला जागा दिलीत. बदल्यात त्याच बिल्डिंगमध्ये आपल्याला घर मिळणार होतं. तोवर आपण विरारला भाड्याच्या खोलीत. पडद्यावरची सर्वांत पहिली पट्टी होती ‘बावखल भरणे’. वाडीच्या मधोमध पावसाचं गोडं पाणी धरून बसलेलं आपलं तळं बुजल्याशिवाय पाया खणता येत नव्हता. ती पट्टी लालभडक होती आणि पुढचं सगळं तिच्या शेपटीला बांधलेलं होतं.

करार करताना तुम्ही एकच अट घातली होतीत. “पान्याला विचारल्याबिगर भरायचं नाय. आनि विचारनार मी.” शेठ हसले आणि हो म्हणाले. घरातल्या कर्त्या माणसाने नारळ द्यायचा, पाण्याची परवानगी मागायची, इतकंच तर होतं. दहा मिनिटांचं काम म्हणून मी त्याला वेगळी पट्टीसुद्धा दिली नव्हती. तुम्ही हातात काय राखून ठेवलं होतंत ते ना शेठला कळलं, ना मला.

पितृपक्ष लागला, तुम्ही म्हणालात, या दिवसांत नको. घट बसले, तुम्ही म्हणालात, देवी पाण्यावर असते. दिवाळीत म्हणालात, सणासुदीला कोणाला घराबाहेर काढतात का? त्यानंतर पाण्यातले मासे लहान होते, ते मोठे व्हायचे होते. मग शेजारच्यांचा नाताळ आला. त्यांच्या फुलांच्या वाफ्यांना पाणी आपल्याच बावखलातून जायचं, तेव्हा “त्यांचा सण होऊं दे, तोंडचं पानी कशाला काढायचं.” आणि नाताळाच्या मागोमाग पौष. पौषात कसलंच शुभ काम होत नाही, हे तुम्ही इतक्या समाधानाने सांगितलंत की आईने हातातलं लाटणं आपटलं. सॉफ्टवेअरमध्ये सुट्ट्यांची वेगवेगळी कॅलेंडरं करता येतात. गवंड्यांचं एक, सुतारांचं एक. मी वैतागून तुमच्या नावाचं एक केलं, ‘आबा’. त्यात कामाचा दिवस शोधावा लागत होता.

एका सकाळी शेठने ते पाहिलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, “ये क्या मजाक है? तुला खुर्ची कशाला दिली मी? डिप्लोमावाल्या पन्नास मुली मिळतात. तुझ्या बापाला समजावशील म्हणून दिली ना?” आबा, तोपर्यंत मी समजत होते की नोकरी मला माझ्या मार्कांवर मिळाली. तुमच्या जमिनीबरोबर मीही करारात गेले होते आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. शेठने भरावाची तारीख स्वतः ठरवली आणि ती वेळापत्रकात ठोकून बसवायला लावली. मी बसवली आणि बटण दाबलं. आता त्या पट्टीची सवड शून्याच्याही खाली गेली. म्हणजे कॉम्प्युटर मला गंभीरपणे सांगत होता की हे काम गेल्याच महिन्यात सुरू व्हायला हवं होतं. मी त्या बिनखिडकीच्या खोलीत बसून होते. समोरच्या पट्टीच्या एका टोकाला शेठ, दुसऱ्या टोकाला तुम्ही, आणि गाठ माझ्या गळ्याशी. नोकरी सोडावी तर खोलीचं भाडं तिच्यावर चाललेलं. तुमच्याशी भांडावं तर तुम्ही भांडतच नव्हतात, नुसते पंचांग उघडत होतात. तेव्हा मला तुमचा राग यायचा. खरंच यायचा. वाटायचं, जमीन देताना नाही आठवलं पाणी?

घरी वेगळा तुरुंग. दुसऱ्या मजल्यावरची खोली, आणि नळाला पाणी नाही. टँकर आला की आई हंडा घेऊन जिना उतरायची. एके दिवशी ती भरला हंडा घेऊन जिन्यात पडली. मी घरी आले तेव्हा तिचा हात सुजला होता आणि तुम्ही त्यावर हळद लावत होतात. ती रडत नव्हती. तिने एवढंच म्हटलं, “जन्म पान्याच्या काठावर काढला, आनि आता टँकरच्या मागं धावते. तुमचं पानी तिकडं मजेत आहे ना? मग झालं.” वाटीतली हळद संपली तरी तुमचं बोट वाटीत फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसात आलात. लग्नकार्याला घालायचा तो पांढरा सदरा घालून. मी घाबरले, वाटलं शेठशी भांडायला आलात. तुम्ही माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसलात, चहूकडे पाहिलंत आणि आधी म्हणालात, “हतं वारा कुठनं येतो गं?” मी म्हटलं, येत नाही. मग तुम्ही म्हणालात, “दाखव तुझं काय ते.” मी दाखवलं. तुम्ही पडद्याच्या इतके जवळ गेलात की काचेवर तुमचा श्वास उमटला.

“यात आपलं घर कुठाय?”

मी अगदी खालची, उजव्या कोपऱ्यातली पट्टी दाखवली.

“आनि बावखल?”

मी वरची पहिली लाल पट्टी दाखवली.

“लाल का?”

“लाल म्हणजे सवड नाही, आबा.”

“माझ्याकडं तर सवडच सवड आहे,” तुम्ही म्हणालात आणि हसलात. मी हसले नाही. बहुतेक माझे डोळे भरले असावेत, कारण तुम्ही एकदम थांबलात. पट्टीवर बोट ठेवून खालपर्यंत आणलंत, एकेक रेघ ओलांडत, घरापर्यंत. “म्हनजे तुझी आय हतं अडकलीय,” तुम्ही म्हणालात. “आनि तू पन.” मी मान हलवली. तुम्ही पडद्यावरचं बोट काढून घेतलंत. उठताना म्हणालात, “माघात घाल. पन त्या दिशी तू यायचं माझ्याबरोबर. सुट्टी काढ.”

मी आले. आईने हळदकुंकू, नारळ, तांदूळ दिले होते. डंपर रस्त्यावर उभे होते, ड्रायव्हर विड्या ओढत होते. तुम्ही बावखलाच्या पायरीवर उकिडवे बसलात, गुडघे दुखत असताना. मला वाटलं होतं, काही मंत्र असेल. तुम्ही शेजाऱ्याशी बोलावं तसं बोललात. “जागा दे बाई. बायको दमली माझी, पोरगी खुर्चीत अडकलीय. राग धरू नको.” नारळ सोडलात. तो तरंगत मधोमध गेला. मग आवाज खाली आणून म्हणालात, “आनि जमलं तर ये परत.” हे शेवटचं मी ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, आता कुठून येणार? मी इंजिनीअर. भरावाचा हिशेब मीच केला होता.

बिल्डिंग तरीही उशिराच झाली, इतर शंभर कारणांनी. पट्ट्या लाल होत राहिल्या, पण तुमच्या नावाची त्यात एकही नव्हती. आपण राहायला आलो, आणि पहिल्याच पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सकाळी, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. नेमकं तिथेच, पायरी होती त्या अंगाला. सगळे वॉचमनवर ओरडत होते. तुम्ही लेंगा वर खोचून जिना उतरलात आणि त्या पाण्यात जाऊन उभे राहिलात. वर माझ्याकडे बघून हाक मारलीत, “आलं गं!” इतका आनंद मी तुमच्या चेहऱ्यावर घराची किल्ली मिळाली तेव्हाही पाहिला नव्हता. त्यानंतर दोनच श्रावण तुम्हाला मिळाले. आई म्हणते, तुम्ही गेलात त्या वर्षी पाणी जास्त दिवस थांबलं होतं. तिचं काही खरं नाही, पण मी तिला खोडत नाही.

मी अजून पट्ट्याच काढते. शेठ बदलले, कॉम्प्युटर बदलले, खोलीला आता काच आहे पण ती उघडत नाही. खुर्चीतून सुटण्याची माझी तारीख कोणत्याच कॅलेंडरमध्ये नाही, आणि आता ती शोधायचंही मी सोडलं आहे. पण श्रावणात सकाळी कामाला निघताना मी चपला हातात घेते आणि स्कूटरीपर्यंत त्या पाण्यातून चालत जाते. तेवढ्यापुरतं मला कुठे अडकल्यासारखं वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता तळमजल्यावर आहे आणि तो वर्षातून दीड महिनाच भरतो. आणि ते पाणी काढायचं कसं, हे मला चांगलं माहीत आहे. उताराला एक गटार आणि कोपऱ्यात एक पंप, बस. दरवर्षी मी म्हणते, बघते. आज अध्यक्षांनी फार धरलं. म्हणाले, उन्हाळ्याआधी खोदून टाकू, उद्याच माणसं बोलावतो. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, “सध्या नको. पौष चालू आहे, पौषात आमच्याकडे जमिनीला हात लावत नाहीत.” सगळे आदराने गप्प झाले आणि विषय पुढे गेला. आबा, पौष संपून आठवडा झाला होता. पंचांग कोणीच उघडून पाहिलं नाही.