सहाव्या गाण्यातली चोरी

३ मार्च
लांबड्याच्या बँडचा नवा अल्बम आला म्हणे. आमचे हे त्या बँडमध्ये बास वाजवायचे, म्हणजे ती जाड तारांची गिटार. बारा वर्षांपूर्वी पहिल्या अल्बमच्या वेळी भांडण झालं, ह्यांच्या जागी दुसऱ्याला बसवून अल्बम काढला, आणि मग सगळेच गायब. गेल्या वर्षी हे गेले, तेव्हाही एकाला आमचा जिना चढायचं सुचलं नाही. आता उगवलेत. मी ऐकणार नाही. विषय संपला.

४ मार्च
ऐकला. शत्रू काय करतोय ते माहीत असावं, एवढ्याचसाठी. सूनबाईच्या फोनवर. लांबड्या गातोय की त्याची दाढ दुखतेय, कळायला मार्ग नाही. पेपरात लिहिलंय, ‘गडद, वातावरणाने भारलेला अल्बम’. आमच्याकडे वीज गेली की असंच वातावरण असतं. कोणी छापून आणत नाही.

५ मार्च, दुपारी
सहावं गाणं. खाली, सगळ्या वाद्यांच्या खाली, एक सूर घुमतोय. हे वाजवतायत. शपथेवर सांगते. सराव स्वयंपाकघरातच करायचे, स्पीकर न लावता, बासचं डोकं कपबशांच्या कपाटाला टेकवून. लाकूड घुमायचं आणि शेजारी भांडायला यायचे नाहीत. भाजी चिरता चिरता तो सूर माझ्या हाडात गेलाय. मला कोण फसवणार?
मेल्यांनी जुनी टेप वापरली. ना विचारणं, ना नाव.

८ मार्च
लायब्ररीतून कॉपीराइटच्या कायद्याचं पुस्तक आणलं. चौथीनंतर शाळा पाहिली नाही, पण शेवटची पानं फाटलेल्या कादंबऱ्यासुद्धा वाचून काढल्यात मी. कायदा काय चीज आहे! उद्या संपवते.

११ मार्च
दुसऱ्या प्रकरणाशी अडले. लिहिणाऱ्याला पूर्णविरामाचं वावडं आहे. असू दे. माझी बाजू पुस्तकाशिवायही भक्कम आहे.
सूनबाई म्हणाली, आई, किती वेळा लावता हो ते एकच गाणं? म्हटलं, पुरावा तपासतेय. मग डोळे का पुसता? म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. चष्मा टेबलावर होता. तिने बघितलं. आगाऊ आहे.

१५ मार्च
लांबड्याला फोन केला. चोर आहात सगळे, एवढंच म्हटलं. म्हणाला, वहिनी, रविवारी येतो. घाबरला!
ठरलं. चहा द्यायचा नाही. खुर्ची द्यायची, पण डुगडुगणारी. माफी लेखी घ्यायची.

१८ मार्च
आला. चहा सूनबाईने केला, मग काय ओतून द्यायचा? खुर्ची डुगडुगली, तर त्याने कागदाची घडी घालून पाय नीट केला. त्याचाही राग आला.
सहावं गाणं लावलं. म्हटलं, बोल, हे कोण वाजवतंय? बराच वेळ ऐकत बसला. मग म्हणाला, वहिनी, तो स्टुडिओतला फ्रिज आहे. बंद करायचा राहिला. नंतर लक्षात आलं, पण गाण्यात बसला म्हणून ठेवला.
म्हटलं, खोटारड्या, फ्रिजला सूर असतो का? म्हणाला, असतो की. दादा तुमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या सुरावरच बास जुळवायचा. विसरलात?
मी कशाला विसरेन? मला माहीतच नव्हतं.
आणि ह्यांच्या टेप? म्हणाला, सगळीकडे शोधल्या. भांडणाच्या दिवशी दादानेच पुसल्या होत्या. एक जरी सापडली असती ना वहिनी, तर चोरलीच असती. मी म्हटलं, खोटं. पण ह्यांचा राग मला ठाऊक आहे.
लेखी माफी मागायची राहून गेली. खाली दारापर्यंत गेले, तो नीट गेलाय ना हे बघायला. म्हणजे, एकदाचा गेलाय ना, हे.

२० मार्च
पुस्तक परत केलं. खटला रद्द. त्यांनी काहीच नेलेलं नाही. एक सूरसुद्धा नाही. चोर म्हणायचे नाहीत ते, नालायक म्हणायचे.
संध्याकाळी सूनबाईकडे फोन मागितला. कुठलं गाणं, म्हणून तिने विचारलं नाही. लावून दिलं आणि बाहेर गेली.
फ्रिज तर फ्रिज.