स्पेस दाबलं की थोरले बोलतात

३ ऑक्टोबर, सकाळ
गावाहून सासूबाईंचा फोन. थोरल्यांना जाऊन वर्ष होतंय, त्या जेवणाला पाहुण्यांना त्यांच्याच आवाजातली दुआ ऐकवायची आहे. म्हणाल्या, "शोधलीस तर सेझिम तुझ्याकडे राहील. नाही तर पहिलं नातवंड आजीचं. रीतच आहे. जेवण झालं की ठेवून जा."
दहा महिन्यांची आहे. अंगावर पिते अजून.
थोरले म्हणजे सासरे. सुनेनं त्यांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून इथेही लिहीत नाही. सासूबाईंना काय म्हणायचं ते मात्र लिहिणार. घार. म्हातारी घार.
नवरा मॉस्कोला जाताना लॅपटॉपमध्ये थोरल्यांचे आवाज भरून गेलाय. सहाशे बारा फायली. आजच संपवते.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ
अकरा झाल्या. पोर रडत होती, त्याला मी काय करू.

४ ऑक्टोबर
नणंद जिपारा माझ्याच खोलीत राहते. मोबाइलच्या दुकानात आहे, म्हणून नाक वर. म्हणाली, "वहिनी, माऊस काय चाटत बसलीस? फाइलवर ये, स्पेस दाब, वाजेल. परत स्पेस, गप्प. खालचा बाण, पुढची फाइल. शेळीलासुद्धा जमतं."
शेळी तू.
पण जमलं. एका बोटानं! पोर मांडीवर पीत होती, तेवढ्यात बावन्न. आठवीनंतर शिकले असते तर जिपारा माझ्या हाताखाली असती.

६ ऑक्टोबर
एकशे नव्वद. थोरले खोकतात. थोरले घोडीशी बोलतात. थोरले घोरतात, चाळीस मिनिटं. सगळं ऐकलं. झोपेत दुआ दिली असली तर?
उद्यापासून रोज दोनशे. ठरलं म्हणजे ठरलं.

७ ऑक्टोबर
नऊ.
घारीचा फोन. म्हणाली, "सापडली का? मी इथे पाळणा धुऊन ठेवलाय." पोरीला शालीत घट्ट गुंडाळून घेतलं. थंडी फार आहे बिश्केकला.

११ ऑक्टोबर
सापडली! चारशे सदतिसावी. "तुमच्या चुलीतला विस्तव विझू नये", सगळं स्वच्छ.
मधली एकच फाइल सोडली. तिला थोरल्यांचंच नाव होतं. त्या नावावर सुनेनं नजरही टाकू नये, ऐकणं तर लांबच. बाण दाबला, झटकन पुढे.
जिपारा म्हणाली, "तिथे मी वाजवीन. दुआला बाबांचं नाव दे. पहिली अक्षरं टाइप केली की थेट त्या फाइलवर उडी जाते, मग स्पेस. शोधत बसायला लावू नकोस."
दिलं नाव. 'थोरले'. सुना कोणाला थोरले म्हणतात ते कुत्र्यालाही माहीत आहे. जिपाराला सांगायची गरज नाही. काम एकदम चोख.

१८ ऑक्टोबर, गाव
वर्षाच्या जेवणाला घोडा कापला होता. दोनशे माणसं. मी चहा ओतत होते. जिपारानं बाबांचं नाव टाइप केलं, स्पेस दाबलं, आणि स्पीकरमधून थोरले गरजले, "अगं ए म्हातारे, चहात मीठ घातलंस की मिठात चहा? तुझ्या बापाच्या मेंढ्या तरी पितील का हे?"
ती सोडलेली फाइल. जिपारा घाबरून स्पेस बडवत सुटली. गप्प, सुरू, गप्प, सुरू. "मेंढ्या... मेंढ्या..." मुल्ला दाढी धरून बसले.
चूक जिपाराची. मी पोरीला उचललं आणि दाराकडे सरकले.
सासूबाई उठल्या. म्हणाल्या, "परत लाव." लावलं. "परत." सात वेळा. रुमाल तोंडाला. हसत होत्या की रडत होत्या, माझी बघायची छाती झाली नाही. दुआ कोणी मागितलीच नाही.

१९ ऑक्टोबर
सासूबाई म्हणाल्या, "पोर इथेच राहील. तूही राहा. मला ते बटण जमायचं नाही, जिपाराला नोकरी आहे. रोज सकाळी तू लावायचं." शहरातल्या खोलीतलं माझं सामान पाठवायला जिपाराला सांगितलंसुद्धा.
म्हणजे पोर माझ्याजवळच राहिली. जिंकले मी. घारीला पुरून उरले.

२० ऑक्टोबर, सकाळी सहा
स्पेस. चार वेळा ऐकलं त्यांनी. मग माझ्या चहाचा घोट घेतला, आणि तेच वाक्य मला ऐकवलं. मेंढ्यांसकट.